सामनानिश्चिती व तिचा प्रतिबंध

खेळाच्या स्पर्धेचा निकाल, अथवा तिच्या ओघातील एखादी विवक्षित घटना, पैशाच्या वा अन्य लाभाच्या मोबदल्यात आधीच ठरवून घेणे आणि तसे घडावे म्हणून आपली क्षमता हेतुपुरस्सर रोखून धरणे, यास सामनानिश्चिती असे म्हणतात. व्यवहारात मॅच फिक्सिंग हाच शब्द अधिक रूढ आहे. संपूर्ण सामना न विकता त्यातील एखादे षटक, एखादा नो-बॉल वा एखाद्या फलंदाजाची धावसंख्या एवढेच ठरविले, तर त्यास स्पॉट फिक्सिंग म्हणतात. कुस्तीच्या फडात ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. राजकारणातील लुटुपुटीच्या भांडणालाही आता हा शब्द लावला जातो. प्रमुख खेळाडूला विश्रांती देणे किंवा वेळ काढून सामना अनिर्णित ठेवणे हे डावपेच होत. प्रेक्षकांना ते रुचले नाहीत, तरी ते उघडपणे व जिंकण्याच्याच व्यापक हेतूने केलेले असल्याने या व्याख्येत बसत नाहीत.

हा दोष खेळाइतकाच जुना आहे. प्राचीन ग्रीसमधील ऑलिंपिया येथे इ. स. पू. ३८८ मध्ये यूपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली. या चौघांकडून वसूल केलेल्या दंडातून झ्यूस देवतेचे कांस्यपुतळे उभारण्यात आले व ते क्रीडांगणाच्या प्रवेशमार्गावर ठेवले गेले, म्हणजे मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाच्या दृष्टीस ते पडत. अमेरिकेत १९१९ च्या बेसबॉल अजिंक्यपद मालिकेत शिकागो व्हाइट सॉक्स या संघाच्या आठ खेळाडूंवर सामने हरण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप आला. १९२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. पण बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी सर्वांना तहहयात बंदी घातली. न्यायालयात सुटलेला खेळाडू क्रीडासंस्थेच्या दारात मात्र दोषी ठरतो, हा पेच पुढे भारतातही तसाच उद्भवला.

सामनानिश्चितीचा प्रतिबंध अवघड होण्याचे मूळ कारण असे, की मैदानावर ती ओळखू येत नाही. चुकून सुटलेला झेल आणि पैसे घेऊन सोडलेला झेल यांत डोळ्यांना काहीच फरक जाणवत नाही. गुन्हा घडतो तो मैदानाबाहेर, दोन माणसांच्या बोलण्यात. मैदानावर दिसतो तो केवळ त्याचा परिणाम, आणि कित्येकदा तोही दिसत नाही. म्हणून केवळ खेळाचे निरीक्षण करून हा दोष आवरता येत नाही. ते बोलणे कधी, कोणाशी व कशासाठी होते, याकडेच प्रतिबंधक योजनेला लक्ष द्यावे लागते.

कुस्तीच्या फडातील स्वरूप : मराठवाड्यात हा प्रश्न सर्वांत जुना आहे तो कुस्तीच्या संदर्भात. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड, लोहा, कंधार या भागांत व शेजारच्या लातूर जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांना कुस्त्यांचा फड जोडलेला असतो. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस भरते. जनावरांच्या बाजाराइतकीच ती तेथील कुस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच परिसराने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा महाराष्ट्र केसरी दिला. गावातील फड सामान्यतः लहान मुलांच्या नारळावरील वा रेवड्यांवरील कुस्त्यांनी सुरू होतो व इनामाची रक्कम चढत जाऊन शेवटच्या मोठ्या जोडीने संपतो. इनाम बहुधा गावाच्या वर्गणीतून उभे राहते. ज्या पैशावर लढत व्हायची तो लोकांनी दिलेला असल्याने ती खरी व्हावी, हा गावकऱ्यांचा आग्रह निव्वळ करमणुकीपुरता नसतो.

येथे लढत ठरविण्यामागे सट्टा असतोच असे नाही. दुधातुपाचा व बदामाचा खुराक, तालमीचा खर्च आणि गावोगावचा प्रवास या सर्वांचा भार पहिलवानाला हंगामात मिळणाऱ्या इनामांवर काढावा लागतो. गुडघा वा खांदा निखळला, तर पुढील सगळ्या जत्रा हुकतात. अशा वेळी एकाच तालमीतील, अथवा हंगामभर पुनःपुन्हा समोरासमोर येणारे दोन मल्ल खडाखडीत वेळ घालवून कुस्ती बरोबरीत सोडवून घेण्याचे व इनाम वाटून घेण्याचे मनात आणू शकतात. येथील मोह गरिबीतून येतो. त्याला केवळ लबाडी म्हणून मोकळे होणे हे अर्धवट निदान ठरेल.

या मोहाला फडाच्या रिवाजांनी काही उत्तरे शोधलेली आहेत. जोडी सर्वांसमक्ष लावली जाते. जोडीतील दोन्ही मल्लांना मैदानात फिरवून त्यांचे वजन व तालीम लोकांना समजू दिली जाते. एका वस्तादाचे दोन पठ्ठे एकमेकांविरुद्ध लावण्याचे टाळले जाते. मोठ्या इनामाची कुस्ती निकाली असेल, म्हणजे कोणीतरी चितपट झाल्याखेरीज इनाम मिळणार नाही, असे आधीच पुकारले जाते. लढत रेंगाळली, तर पंच ताकीद देतात. तरीही मल्ल भिडत नसतील, तर त्यांना विनाइनाम फडाबाहेर काढले जाते. मात्र सर्वांत परिणामकारक ठरतो तो फडाभोवती बसलेला जाणकार. त्याने स्वतः कधी काळी लांग कसलेली असते व कोणता डाव मुद्दाम अर्ध्यावर सोडला, हे त्याला हलगीच्या आवाजातही कळते. नुरा कुस्ती केल्याचा बोभाटा झाला, की पुढच्या गावचे निमंत्रण येत नाही. आधुनिक संहितांमध्ये ज्याला निलंबन म्हणतात, त्याचेच हे अलिखित रूप होय. त्याला मर्यादाही आहे : लोकांचा संशय हाच पुरावा व लोकांचा गलका हाच निवाडा ठरत असल्याने प्रामाणिकपणे लढूनही निकाल न लावू शकलेल्या मल्लावर अन्याय होऊ शकतो.

मातीवरून गादीवर आलेल्या कुस्तीत गुणांची पद्धत रूढ झाली व निर्णयाचा भार पंचांवर अधिक आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे याला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरविण्यात आले. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते, असा राक्षेचा दावा होता. वाद वाढून त्याने पंचाला लाथ मारली व त्याला तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. या घटनेत सामनानिश्चितीचा प्रश्न नव्हता आणि पंचावर हात वा पाय उचलणे कोणत्याही सबबीवर क्षम्य नाही. तथापि प्रतिबंधाच्या दृष्टीने तिचा बोध घेण्याजोगा आहे. चित्रफितीच्या आधारे निर्णय तत्काळ व सर्वांदेखत पडताळण्याची सोय विश्वासार्ह नसेल, तर पंचाची साधी चूकही विकत घेतलेली वाटू लागते; आणि सगळेच विकत घेतलेले आहे अशी एकदा समजूत झाली, की खरोखर विकणाऱ्याला आडोसा मिळतो. [→ कुस्ती].

घोड्यांच्या शर्यतीतील नियंत्रण : महाराष्ट्रात पैजेला कायद्याने वाव असलेला प्रमुख खेळ म्हणजे घोड्यांची शर्यत. मुंबईतील महालक्ष्मी व पुणे येथील शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या नियंत्रणाखाली होतात व त्यांना १९१२ च्या कायद्यान्वये परवाना लागतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. पैज उघड असल्याने तिच्यावरील पहाराही उघड आहे. स्वारांना पैज लावण्यास बंदी असते. शर्यतीपूर्वी व नंतर त्यांचे वजन घेतले जाते. घोड्यांच्या मूत्रादी नमुन्यांची तपासणी होते. आणि एखादा घोडा आपल्या वकुबाप्रमाणे धावला नाही असे वाटल्यास स्टुअर्ड म्हणविणारे पर्यवेक्षक चित्रण पाहून स्वार व प्रशिक्षक या दोघांची चौकशी करतात. त्यामुळे तेथील गैरप्रकार संपले असे नव्हे. परंतु पैजेचा भाव अकस्मात बदलला, तर तो बदल नोंदलेला सापडतो. क्रिकेटवरील सट्टा बेकायदेशीर असल्याने अशी नोंद कोणाकडेच राहत नाही.

क्रिकेट आणि नागपूरचा सामना : भारतीय क्रिकेटमधील सामनानिश्चितीच्या आरोपांची पहिली महत्त्वाची चौकशी १९९७ मध्ये माजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यांना आरोपांच्या पुष्ट्यर्थ पुरावा आढळला नाही. साक्षीदाराला बोलते करण्याचा वा दूरध्वनीच्या नोंदी मिळविण्याचा अधिकार नसलेल्या एकसदस्य समितीकडून याहून वेगळे काही निष्पन्न होणे कठीणच होते.

तीन वर्षांनी चित्र पालटले. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए व एक सट्टेबाज यांचे दूरध्वनीवरील संभाषण हाती आल्याचे जाहीर केले. पुढे दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगापुढे झालेल्या साक्षींत १९ मार्च २००० रोजी नागपूर येथे झालेल्या एकदिवसीय सामन्याचा तपशील बाहेर आला. मालिकेतील हा पाचवा व अखेरचा सामना होता. भारताने मालिका आधीच जिंकली होती. ज्या सामन्याच्या निकालाने कोणाचेच काही बिघडत नाही, तो सट्टेबाजाला सर्वांत सोयीचा असतो. क्रोनिएने सलामीचा फलंदाज हर्शेल गिब्ज याला २० पेक्षा कमी धावा काढण्यासाठी, तर गोलंदाज हेन्री विल्यम्स याला ५० पेक्षा अधिक धावा देण्यासाठी प्रत्येकी १५,००० डॉलर देऊ केले. संघाची धावसंख्या २७० च्या आत राहावी, असेही ठरले होते.

प्रत्यक्षात यांपैकी काहीच घडले नाही. गिब्जने ७४ धावा फटकावल्या; विल्यम्स खांद्याच्या दुखापतीमुळे दोन षटकेही पूर्ण टाकू शकला नाही; दक्षिण आफ्रिकेने ३२० धावा केल्या व सामना १० धावांनी जिंकला. केवळ धावफलक पाहणाऱ्याला हा सामना निर्मळच वाटला असता. तरीही दोघांना सहा महिने खेळण्यास बंदी झाली व क्रोनिएवर तहहयात बंदी आली. या शिक्षेमागील तत्त्व महत्त्वाचे आहे. प्रस्ताव स्वीकारणे हाच अपराध होय, मग तो पार पडो वा न पडो. आणि प्रस्ताव आल्याचे वरिष्ठांना न कळविणे हाही अपराधच होय. नागपूरच्या त्या सामन्याच्या आदल्या वेळी कोणी एकाने जरी तोंड उघडले असते, तर प्रकरण तेथेच थांबले असते. परंतु प्रस्ताव घेऊन येणारा स्वतः कर्णधारच असल्यावर तरुण खेळाडूने कोणाकडे जावे, याचे उत्तर त्या काळी कोणत्याही क्रिकेट मंडळाकडे नव्हते.

हे उत्तर म्हणून २००० मध्येच आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने लंडनचे माजी पोलीस आयुक्त पॉल काँडन यांच्या नेतृत्वाखाली भ्रष्टाचारविरोधी पथक स्थापन केले. खेळाडू व पंच यांच्या राखीव जागेत सामन्याच्या वेळी भ्रमणध्वनीला मनाई, संघाबरोबर नेमलेला अधिकारी, खेळपट्टी वा संघनिवडीची माहिती बाहेर देण्यास बंदी, आणि संशयास्पद संपर्काची तत्काळ माहिती देण्याची सक्ती, ही त्या व्यवस्थेची मुख्य अंगे होत. यांपैकी शेवटचे अंग सर्वांत उपयुक्त ठरले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशचा कर्णधार शाकिब अल हसन याला दोन वर्षांची बंदी झाली (तीतील एक वर्ष स्थगित), ती सामना विकल्याबद्दल नव्हे, तर सट्टेबाजाने साधलेला संपर्क कळविला नाही म्हणून. भारतात केंद्रीय अन्वेषण विभागाच्या २००० मधील अहवालानंतर नियामक मंडळाने महंमद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर तहहयात, तर अजय जडेजा व मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. जडेजावरील बंदी २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात, तर अझरुद्दीनवरील २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात टिकली नाही. क्रोनिए २००२ मध्ये विमान अपघातात मरण पावला होता. दिल्लीतील त्या मूळ प्रकरणाचे आरोपपत्र दाखल झाले ते २०१३ मध्ये.

२०१३ चे प्रकरण : १६ मे २०१३ रोजी, वानखेडे मैदानावरील सामन्यानंतर काही तासांतच, दिल्ली पोलिसांनी मुंबईत राजस्थान रॉयल्स संघाचे शांताकुमारन श्रीशांत, अजित चंडिला व मुंबईचा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यांना अटक केली. ठरलेल्या षटकात ठरलेल्या संख्येहून अधिक धावा द्यावयाच्या व टॉवेल वा मनगटपट्टी यांच्या खुणेने सट्टेबाजाला आगाऊ सूचना द्यावयाची, अशी योजना असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. याच सुमारास मुंबई पोलिसांनी स्वतंत्र तपासात चेन्नई संघाशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्ट्याच्या आरोपावरून अटक केली. ते मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांचे जावई असल्याने प्रश्न खेळाडूंपुरता न राहता कारभाऱ्यांपर्यंत गेला.

दिल्ली पोलिसांनी खेळाडूंविरुद्ध महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ याचा आधार घेतला. मूलतः मुंबईतील टोळ्यांसाठी केलेला हा कायदा २००२ मध्ये दिल्लीस लागू झाला होता. सामनानिश्चितीला स्वतःचे कलम नसल्याने टोळीयुद्धाचा कायदा एका षटकातील धावांना लावावा लागला, यातच आपल्या कायद्यातील उणीव उघड होते. जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने तिन्ही खेळाडूंना आरोपमुक्त केले. मंडळाची बंदी मात्र कायम राहिली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले, तेव्हा ती सात वर्षांवर आणण्यात आली. चव्हाणच्या बाबतीतही पुढे तसेच झाले.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती मुद्गल समितीने मय्यप्पन व राजस्थान संघाचे एक मालक राज कुंद्रा यांच्या सट्ट्यातील सहभागावर बोट ठेवले. जानेवारी २०१५ च्या निर्णयात न्यायालयाने मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना संघमालकी खुली करणारी नियमदुरुस्ती रद्द केली. न्यायमूर्ती लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई व राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले आणि जानेवारी २०१६ च्या अहवालात सामनानिश्चिती हा फौजदारी गुन्हा ठरवावा, तर सट्ट्याला मात्र नियंत्रणाखाली कायदेशीर मान्यता द्यावी, अशी दुहेरी शिफारस केली. पंच, निवडसमिती वा मंडळ यांतील कोणाचे हितसंबंध संघात गुंतलेले असताना खेळाडूला शुचितेचे धडे देणे व्यर्थ आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

कायद्याची स्थिती : इंग्लंडमध्ये २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत मुद्दाम नो-बॉल टाकल्याच्या प्रकरणी सलमान बट, महंमद आसिफ व महंमद आमिर या पाकिस्तानी खेळाडूंना २०११ मध्ये कारावास झाला. जुगारात फसवणूक करणे हा तेथील २००५ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा असल्याने हे शक्य झाले. श्रीलंकेने २०१९ मध्ये खास कायदा करून दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. युरोपीय परिषदेचा २०१४ चा मॅकोलिन करार २०१९ पासून अंमलात आला. पोलीस, क्रीडासंस्था व परवानाधारक पैज-व्यावसायिक यांनी माहितीची देवाणघेवाण करावी, हे त्याचे सूत्र आहे.

भारतात अशा स्वरूपाचा केंद्रीय कायदा झालेला नाही. २०१३ मध्ये एक विधेयक तयार झाले, पण ते पुढे गेले नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात सामनानिश्चिती दंडनीय करण्याची शिफारस केली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तेथील क्रिकेट लीगच्या प्रकरणात असे म्हटले, की प्रेक्षक स्वेच्छेने तिकीट काढत असल्याने सामनानिश्चितीने दंडसंहितेतील फसवणुकीचा गुन्हा घडत नाही. कारवाई करावयाची तर ती मंडळाने करावी. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा सट्टा घेणाऱ्याला लागू होतो. विकल्या गेलेल्या चेंडूशी त्याला कर्तव्य नाही. जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमाने टोळीने चालविलेली अनधिकृत पैज हा किरकोळ संघटित गुन्हा ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला; त्याच महिन्यातील राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाचा रोख महासंघांच्या कारभारावर व तंटानिवारणावर आहे. पैजेचा व्यवहार आणि महासंघांचे प्रशासन अशा दोन्ही बाजूंनी कायदा जवळ आला आहे. मधला व्यवहार, म्हणजे खेळाडूने आपली खेळी विकणे, अद्याप मोकळाच आहे.

या पोकळीचा फटका मोठ्या मैदानांपेक्षा लहान मैदानांना अधिक बसण्याचा संभव आहे. मंडळाची संहिता नोंदणीकृत खेळाडूला बांधते. तालुक्याच्या गावी होणाऱ्या टेनिसचेंडूच्या क्रिकेट स्पर्धा व जत्रेतील कुस्त्या तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि आता अशा स्पर्धांचेही भ्रमणध्वनीवरून थेट प्रक्षेपण होऊ लागले आहे. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर येथे २०२२ मध्ये शेतमजुरांना रंगीत गणवेश घालून एक बनावट क्रिकेट लीग उभी करण्यात आली. तिच्या प्रक्षेपणावर रशियातील लोकांकडून पैजा घेतल्या जात असल्याचे पोलिसांना आढळले. चौकार केव्हा मारावयाचा व बाद केव्हा व्हावयाचे, हे पंच बिनतारी यंत्रावरील सूचनेनुसार सांगत असे. गावच्या मैदानावरील सामना आपल्याच गावापुरता आहे, हे गृहीतक त्यामुळे उरलेले नाही. स्थानिक संयोजकांनी प्रक्षेपणाचे हक्क कोणाला व कशासाठी दिले याची लेखी नोंद ठेवणे, पंच बाहेरगावचे व चिठ्ठीने नेमणे, देणगीदाराचे नाव व इनामाची रक्कम सामन्यापूर्वी जाहीर करणे, आणि खेळाडूला संशयास्पद विचारणा झाल्यास ती संघाबाहेरील कोणाला कळवावयाची हे आधीच ठरवून सांगणे, एवढ्या गोष्टी कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोग्या आहेत. यांपैकी इनामाची जाहीर घोषणा मराठवाड्यातील कुस्तीच्या फडात पूर्वापार होत आली आहे. क्रिकेटच्या स्थानिक स्पर्धांत ती अद्याप क्वचितच आढळते.